दाजी, तुमची मांडणी मी मोडली

दाजी, ती चादर मी गोळा केली. गल्लीत विचारलं तर सगळे म्हणतात, त्या गडबडीत कुणी उचलली कुणाला ठाऊक. मला ठाऊक आहे. सख्ख्या बहिणीसमोर, सुमनसमोर, हे आपणहून बोलायला तोंड उघडलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही नेहमीसारखं "जाऊ द्या की पावणं" म्हणणार, म्हणूनच सांगायला सोपं आहे. आता तर तेही म्हणणार नाही.

त्या दिवशी सकाळी तुम्ही पिकअपचं हेड गॅस्केट आणायला सायकलवरून गेलात आणि टेम्पोतून परत आलात. दुकानाच्या पायरीवरच छातीला हात लावून बसलात ते उठलाच नाहीत, असं दुकानदार सांगत होता. मी मिलमधून धावत आलो तेव्हा तुमची सायकल कुणीतरी टेम्पोतून उतरवून भिंतीला लावून ठेवली होती आणि हँडलला नवं गॅस्केट सुतळीनं बांधलेलं तसंच होतं, कुठं वाकलेलं नाही, मुडपलेलं नाही. ते बघून मला राग आला. कुणाचा आला ते कळलं नाही.

अंगणात पिकअप बॉनेट उघडून उभी होती, आणि तिच्यापुढे, बरोबर दारासमोर, तुमची ती चादर पसरलेली. शेजारच्या माग चालवणाऱ्या येल्लप्पानं दिलेली, एका बाजूला नक्षी चुकलेली, म्हणून बाजारात न गेलेली. तिच्या एकेका चौकटीत तुम्ही इंजिनाचे भाग मांडून ठेवले होते. वरच्या ओळीत आठ व्हॉल्व, ज्याच्या त्याच्या खाली त्याची स्प्रिंग, त्याखाली वाटी, त्याखाली लांब दांडी. ज्या क्रमानं इंजिनात बसतात त्याच क्रमानं. व्हॉल्व आदल्या दिवशीच घासून झालेले, लखलखत होते. पंगतीला पानं मांडावीत तशी मांडणी.

तुम्हाला आणून ठेवायला जागा हवी होती. येल्लप्पा ओरडला, "आण्णा, तेवढं बाजूला घ्या की ओ, माणूस कुटं ठेवायचा?"

चार माणसांनी चार कोपरे धरले असते तर ती चादर होती तशी उचलून ओसरीवर ठेवता आली असती. चार माणसं तिथं उभीच होती. मी कुणाला हाक मारली नाही. मी खाली वाकलो, चारी टोकं एकत्र आणली, गाठ मारली आणि गाठोडं कोपऱ्यात सरकवलं. आत लोखंड एकमेकांवर खणखणून पडलं. अर्धं आयुष्य मी मिलमध्ये फिटर म्हणून काढलं. त्या आवाजाचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता.

आणि दाजी, गाठ मारताना माझ्या मनात काय आलं माहीत आहे? रडू नाही आलं. वाक्य आलं. 'तरी सांगत होतो, खुणा करा.' तुम्हाला अजून टेम्पोतून उतरवलंही नव्हतं, आणि मी तुमच्याशी वाद जिंकत होतो.

तेव्हापासून मला बसवेना. जेवताना उठायचो, पाणी प्यायचं विसरून परत बसायचो. मिलमध्ये पाना हातात घ्यायचो आणि कशासाठी घेतला ते आठवायचं नाही. बायको म्हणायची, डोक्याला तेल घाला. तेलानं जाण्यातलं ते नव्हतं.

तो वाद आपला किती जुना! मिलमध्ये आम्ही कुठलंही मशीन उघडलं की आधी पंच आणि हातोडी घेतो. पहिल्या भागावर एक ठिपका, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. मग ते टोपलीत टाका नाहीतर पोत्यात, परत बसवताना चूक होत नाही. तुमच्याकडे मी पहिल्यांदा पंच घेऊन आलो तेव्हा तुम्ही माझा हात धरलात.

"पावणं, चांगल्या लोखंडाला कशाला टोचता?"

"खूण केली म्हणजे विसर पडत नाही."

"मिलमदी मशिनी परक्याच्या असत्यात, म्हणून तुमी खुणा करता. हितं समदे माझ्या वळकीचे हायत. माणूस पोरांच्या कपाळावर नंबर टाकतो व्हय?"

"आणि कुणी पाय लावून विस्कटलं तर?"

"कोण विस्कटंल? हितं तर आपुन दोघंच."

हे तुम्ही सहज म्हणालात. आता ते वाक्य कानातून जात नाही.

खरं तर माझा राग खुणांवरून नव्हताच. तो आधीचा होता. तुम्हाला मिलमध्ये चिकटवलं मी. जॉबरचे पाय धरले, साहेबाकडे शब्द टाकला. सुमनसाठी स्थळ पाहताना 'मिलमधला माणूस, पक्की नोकरी' म्हणून घरच्यांना मीच पटवलं होतं. आणि तुम्ही एके दिवशी नोकरी सोडून, कुठल्याशा ठेकेदाराची मोडकी पिकअप घरी घेऊन आलात. बॉडी एका गाडीची, डिझेल इंजिन दुसऱ्याच गाडीचं, मागचा लाकडी हौदा सुताराकडून करून घेतलेला. मी गल्लीतल्या लोकांदेखत म्हणालो, "दाजी, सोन्यासारखी नोकरी टाकून भंगार आणलंत." तुम्ही हसलात आणि सुमनला म्हणालात, "आण्णास्नी च्या दे. लई दमल्यात, भोंगा वाजून ऱ्हायलाय त्यांच्या डोस्क्यात."

बरोबर बोललात. सकाळचा भोंगा झाला की मी अजूनही दचकून उठतो, पाळी दुपारची असली तरी. तुम्ही त्या भोंग्यातून सुटलात, आणि ते मला बघवत नव्हतं. दर आइतवारी मी तुमच्या अंगणात यायचो तो मदतीला, असं सगळे समजायचे. तुम्हीही समजायचात बहुतेक. मी यायचो ती गाडी आज तरी कायमची बंद पडली आहे का, ते बघायला. आणि एकदा आलो की मग संध्याकाळपर्यंत उठायचो नाही, हेही तितकंच खरं. डिझेलचा वास, तुमची बडबड, सुमननं भाकरीबरोबर दिलेली शेंगाचटणी. आठवड्यातला तेवढाच दिवस मी कुणाच्या हाताखाली नसायचो. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पोटात कशा राहत होत्या, मला सांगता येत नाही.

वेळापूरची फेरी आठवते? तुमच्या पुतणीचा साखरपुडा. मागे हौद्यात बायका, मी आणि तुम्ही पुढे. वाटेत पंख्याचा पट्टा तुटला. बोरीबाभळीशिवाय आजूबाजूला काही नव्हतं. मी लगेच सुरू झालो, एस्टीनं आलो असतो तर आत्तापर्यंत पोचलो असतो वगैरे. तुम्ही हौद्यात राहिलेल्या येल्लप्पाच्या गठ्ठ्यावरची मागाची दोरी सोडवली, तिचे पदर एकावर एक पिळले, साबण लावला, आणि त्याचाच पट्टा करून बसवला.

"हे टिकणार नाही," मी म्हणालो.

"टिकायला कोण सांगतंय? वेळापूर आलं की तुटली तरी चालंल."

मग दर विहिरीपाशी थांबायचं, रेडिएटरला पाणी पाजायचं, दोरी परत ओढून घ्यायची. मागून बायका विचारायच्या, "आलं का वो?" आणि तुम्ही ओरडून सांगायचात, "गाडी हिंडून ऱ्हायलीय, बघा की रान!" साखरपुडा उरकून गेला होता, जेवणं चालू होती. तुम्ही काळ्या हातांनीच पंगतीला बसलात. नवऱ्या मुलाच्या बापानं नाक मुरडलं आणि मी तुमच्यापासून दोन पानं सोडून बसलो. दाजी, ते तुम्हाला दिसलं होतं का? तुम्ही कधी बोलला नाहीत. जेवून झाल्यावर दोरी बदलायला मात्र मलाच हाक मारलीत.

दुष्काळात तर तुमच्या त्या भंगारानं सगळी गल्ली जगवली. हौद्यात पिंपं घालून तुम्ही कुठून कुठून पाणी आणायचात. गाडी चढावर आली की काळा धूर सोडायची, पोरं तिच्यामागं पळायची. माझ्या घरी दोन पिंपं तुम्ही न विचारता उतरवायचात. मी 'आभारी आहे' कधी म्हणालो नाही. घरातल्या माणसाला काय म्हणायचं, अशी समजूत करून घेतली. समजूत सोयीची होती.

तेरावं झालं आणि तुमचे थोरले भाऊ वेळापूरला परत जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरबाळ न्हाई, एकटी बाईमाणूस कशी ऱ्हाणार? तुमी घेऊन जावा. अन् त्या गाडीचं काय ते बघून टाका." मी मान हलवली. मी आधीच ठरवून ठेवलं होतं. आमच्याकडची मागची खोली रिकामी केली होती, भिंतीला चुना मारला होता. खिडकीला पडदा लावताना बायकोनं विचारलं, "त्या येते म्हणाल्या का?" मी म्हणालो, "येणार नाही तर कुठं जाईल?"

सुमनला मी हे सांगितलं तेव्हा ती ज्वारी निवडत होती. मान वर केली नाही.

"गाडी चालू हुईल का ते बघ आधी."

"गाडीचं काय आता, सुमन?"

"येल्लप्पाचे चादरींचे गठ्ठे चाटी गल्लीच्या बाजारात न्यायचेत. अजून तीन घरचे हायत. रशीदला डायवर म्हणून ठेवते, ह्ये आजारी असले की तोच चालवायचा की. गाडी चालू झाली तर मी माझ्या घरात ऱ्हाईन. न्हाई झाली तर तुज्या खोलीत येते. बास."

"आणि चालू नाही झाली तर रुसशील?"

"रुसायला बसले न्हाई मी. तू फिटर हायस का न्हाईस?"

असं कोंडीत धरलं तिनं मला. तिला माझ्या घरी आणायचं तर मला काहीही करायचं नव्हतं. नुसतं 'जमत नाही' म्हणायचं होतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं, कारण गाठोडं मीच बांधलेलं. ती घरी आली असती, मी तिला सांभाळलं असतं, लोक म्हणाले असते भाऊ असावा तर असा. तुमच्या दारात जे केलं त्याच्यावर चुना मारून झाला असता.

गाठोडं घेऊन मी आधी अक्कलकोट रोडच्या एका गॅरेजवाल्याकडे गेलो. त्यानं गाठ सोडली, आत पाहिलं आणि पोटभर हसला. "फिटर साब, ये इंजिन है के भेळ? कौन मिलाया ये?" मी म्हणालो, कुणीतरी मिसळलं. तो म्हणाला, सगळंच नवं टाका नाहीतर वजनावर देऊन टाका. दोन्ही उत्तरं माझ्या कामाची होती. दुसरं घेऊन घरी जाता आलं असतं. मी परत गाठ मारली, गाठोडं सायकलच्या कॅरिअरला बांधलं, आणि कुठं चाललोय ते न ठरवता तुमच्या अंगणात येऊन उतरलो.

मग पाळी सुटली की रोज येऊ लागलो. मोठ्या तोंडाचे चार व्हॉल्व आणि लहान तोंडाचे चार वेगळे करणं सोपं होतं, ते डोळ्यांनीच कळतं. पण त्या चारांतला कुठला कुठं? तुम्ही प्रत्येक व्हॉल्व इंजिनाच्या हेडमधल्या त्याच्या त्याच्या बैठकीत घासायचं खरबरीत पीठ लावून घासलेला, दोघांची जोडी जमवलेली. दुसऱ्या बैठकीत तो बसतो, पण एखाद्या केसाएवढी फट राहते, आणि डिझेल इंजिनाला केसाएवढी फटही पुरते. दाब निसटतो, गाडी नुसती खोकत राहते.

मी मिलमधून निळा रंग आणला. बैठकीला बोटानं लावायचा, व्हॉल्व ठेवून एकदा फिरवायचा, रंग कडेला सगळीकडे सारखा उमटला तर ती जोडी. एकेक करून सगळीकडे ठेवून बघितलं. एक जोडी सापडली तेव्हा मी मोठ्यानं "हा!" म्हणालो आणि वळून तुमच्याकडे बघितलं. सवयीनं. तिथं पिकअपचं चाक होतं. दुसरी सापडली असं वाटलं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितली तर खात्री वाटेना. बाकीच्यांचं तर सगळंच सारखं दिसायला लागलं. रंग पुसायचा, लावायचा, पुसायचा. येल्लप्पा कुंपणापाशी येऊन उभा राहायचा.

"आण्णा, काय शाळा मांडली ओ? रोज त्येच बसवता, रोज त्येच काढता."

"जोडी लागत नाही."

"मग नवी जोडी लावा की ओ! आमच्याकडं ताणा तुटला तर जुनाच दोरा हुडकत बसतो काय? गाठ मारतो, पुढं विणतो."

तो गेला आणि मी रंगाची डबी बंद केली. गोष्ट साधी होती. जुनी जोडी शोधायचं सोडायचं, जो व्हॉल्व जिथं येईल तिथं ठेवून नव्यानं घासायचा. फिटर म्हणून मला हे पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण नव्यानं घासायचं म्हणजे तुम्ही त्या बैठकांवर जे शेवटचं काम केलं, ते माझ्या हातानं खरवडून काढायचं. तुमच्या हाताचं त्या घरात दुसरं काही ताजं उरलं नव्हतं. दाढीचं सामान सुमननं कधीच आवरलं होतं. ही चकाकी तेवढी होती.

मी पीठ लावलं. लाकडी दांडीचा रबरी तुकडा व्हॉल्वच्या तोंडाला चिकटवला आणि दोन्ही तळव्यांत दांडी धरून रवीसारखी फिरवायला लागलो. करकर आवाज यायचा. आधी खरबरीत, मग बारीक, मग नुसता ओलसर. प्रत्येक वेळी व्हॉल्व उचलून पुसला की तुमची पांढरी रेघ थोडी गेलेली आणि माझी करडी रेघ थोडी आलेली दिसायची. मी घाई केली नाही. म्हणजे, हातांनी केली नाही. आतून सारखं वाटत होतं, लवकर आटप, नाहीतर सोडून दे, दोन्हीपैकी काहीतरी एक कर. सगळे बसले तेव्हा हेड उलटं ठेवून रॉकेल ओतलं. एकाही बैठकीतून थेंब झिरपला नाही. चांगलं काम होतं, दाजी. तुमच्याइतकं चांगलं. हे लिहिताना लाज वाटते, पण चांगलं होतं.

आणि हो, जोडायच्या आधी मी पंच घेतला. एक ठिपका, दोन ठिपके, तीन, चार. तुम्ही हात धरायला नव्हता. वाद जिंकायचा म्हणून नाही केलं. पुढच्या वेळी हे इंजिन कोण उघडेल मला माहीत नाही, आणि त्याच्या ओळखीचं त्यात काही असणार नाही. तुमचं म्हणणं तुम्ही होता तोवर बरोबर होतं. ठिपके अगदी हलके मारले, लोखंडाला दुखणार नाही इतपत. तुम्ही हसाल.

तुमचं गॅस्केट बसवलं. नट मधून कडेला, थोडे थोडे करून आवळले. मग डिझेलच्या नळीतली हवा काढायची होती. पंपाचा नट ढिला करून एकानं बघत राहायचं आणि दुसऱ्यानं हातपंप दाबायचा, बुडबुडे संपेपर्यंत. येल्लप्पा कुठं दिसतो का म्हणून मी बघत होतो, तोवर सुमन पदर खोचून आली आणि बॉनेटखाली वाकली. पंपाची कळ कुठं आहे ते मी सांगायच्या आधी तिचा अंगठा तिथं होता.

"सोड नट."

"तुला येतं?"

"ह्यांच्यासंगं कोण करत हुतं मग? तू आइतवारी यायचास. गाडी काय आइतवारीच बंद पडायची व्हय?"

मी नट सोडला. फेस आला, बुडबुडे फुटायला लागले. मी आवळायला गेलो तर ती म्हणाली, "थांब की. घाई नगं. अजून लहान लहान यायलेत." खरंच येत होते. मला वाटत आलं होतं की त्या अंगणात आपण दोघंच असायचो. तुम्हीही तेच म्हणाला होता, आपुन दोघंच. आता कळलं की ते मला बरं वाटावं म्हणून होतं. तिसरं माणूस रोज तिथं होतं आणि मी आलो की भाकरी करायला आत जायचं.

बुडबुडे संपले. डिझेलची सलग धार लागली. ती म्हणाली, "आता आवळ." आणि मी आवळत असतानाच, त्याच आवाजात, "चादर तू गोळा केलीस ते मी बघत हुते."

माझा पाना नटावरून निसटला.

"दारातच उभी हुते मी. ह्यास्नी आत आणायचे हुते. तू खाली वाकलास अन् मला कळलं काय करायलास ते."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? त्या टायमाला?" तिनं हात फडक्याला पुसले. "मागनं वाटलं, तू आपनहून सांगशील. रोज यायलास, रोज घासायलास, अन् तोंडातनं शबूद न्हाई. मग म्हनलं, घासू दे."

"सुमन, चुकलं माझं."

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. जाऊ दे असं म्हणाली नाही. ती तुमच्यासारखी नाही, दाजी. तिनं चुकलं ते चुकलं म्हणून ठेवून दिलं आणि विचारलं, "ढकलायचं का आता? बॅटरीत काय राम न्हाई."

येल्लप्पाला हाक मारली. तो मागाजवळून उठून आला, त्याच्या केसांत सुताचा कापूस होता. मला वाटलं रशीदला बोलवायला पाठवतील. पण सुमननं दार उघडलं आणि ती स्टिअरिंगच्या मागं जाऊन बसली. येल्लप्पाला त्यात नवल वाटलं नाही. "वैनी रोज बसतात की ओ," तो म्हणाला. "दाजी अन् मी ढकलणार, वैनी क्लच सोडणार. धरली की गल्लीच्या टोकापत्तोर नेतात, तिथनं दाजी चालवायचे."

मी मागं गेलो आणि हौद्याला खांदा लावला. गल्लीला थोडा उतार आहे, गाडी आधी जड, मग हलकी होत गेली. आतून सुमन ओरडली, "अजून! अजून ढकला!" मी ढकलत होतो आणि, दाजी, खरं सांगतो, एक क्षण मला वाटलं की न धरो. न धरली तर ती माझ्याकडे येईल. चुना मारलेली खोली आहे, पडदा आहे. मी तिला ताट वाढीन, ती म्हणेल तेव्हा वेळापूरला नेईन, आणि हळूहळू ती हे विसरेल. मी खांदा थोडा सैल केला. खरंच केला. शेजारी येल्लप्पा ओरडला, "का ओ आण्णा, दम संपला?" आणि मी पुन्हा लावला, सगळ्या अंगानं लावला, पाय घसरेपर्यंत.

सुमननं क्लच सोडला. गाडीला गचका बसला, एकदा खोकली, दोनदा खोकली, आणि धडधडायला लागली. काळा धूर आमच्या तोंडावर आला. आवाज तुमच्या वेळचा नव्हता. थोडा जाड होता, पण अडखळत नव्हता. येल्लप्पा टाळ्या वाजवायला लागला. दारादारांत बायका येऊन उभ्या राहिल्या. गाडी आमच्या हातांतून सुटून पुढं गेली आणि मी तिच्यामागं पळालो, का ते सांगता येणार नाही. पोरं पळायची तसा, या वयात.

गल्लीच्या टोकाला ती थांबली होती. इंजिन चालू, सुमनचा एक पाय ब्रेकवर, एक क्लचवर. मी धापा टाकत दारापाशी पोचलो. माझी पावलं ऐकून ती न बघताच डावीकडे सरकली, पदर सावरून, बाजूच्या सीटवर, तुम्हाला जागा करून द्यायला. मी फूटबोर्डवर पाय ठेवलेला नव्हता. मला गाडी चालवता येत नाही, हे तिला माहीत आहे.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. गाडी गचके खात बंद पडायला आली. ती पटकन परत सरकली, स्टिअरिंग धरलं, पाय लावून इंजिन सांभाळलं. डोळे पुसले नाहीत, हात मोकळे नव्हते.

"येल्लप्पा, रशीदला हाक मार," ती मागं बघून ओरडली. "म्हणावं गठ्ठे भरायचेत." आणि मला म्हणाली, "आण्णा, तू जा आता घरी. वैनी जेवायची थांबली आसंल."

मी चालत घरी आलो, दाजी. कपड्यांना तुमच्या गाडीचा धूर होता. बायकोनं विचारलं, "येतायत का?" मी म्हणालो, "नाही. तिचं घर आहे तिला."

तिनं ताट वाढलं. त्या दिवसापासून पहिल्यांदा मी पानावरून न उठता जेवलो.